विशेष गरजा असलेल्या मुलासाठी घराजवळचं कॉलेज : पालकांचे नेहमीचे प्रश्न

निकाल लागले की समुपदेशनाला येणाऱ्या पालकांच्या पिशवीत दोन फायली असतात, एक मार्कशीटची आणि एक हॉस्पिटलची. कॉलेजांची यादी पहिल्या फाइलवरून तयार होते. दुसरी फाइल प्रवेश झाल्यावर, बहुतेकदा पहिल्या अडचणीच्या दिवशी उघडली जाते. यादी करतानाच दोन्ही फायली शेजारी ठेवा, आणि तिसरा एक कागद घ्या. आपल्या मदतीला खरोखर कोण कोण आहे, त्यांची नावं त्यावर लिहा.

खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या बारावीनंतरच्या प्रवेशांबद्दल आहेत. अकरावीलाही बरीचशी लागू पडतील.

जवळचं कॉलेज म्हणजे किती किलोमीटरच्या आतलं?

किलोमीटर नका मोजू, माणसं आणि मिनिटं मोजा. मंगळवारी दुपारी दोन वाजता कॉलेजमधून फोन आला, ‘याला बरं वाटत नाहीये, घेऊन जा’, तर कोण निघेल आणि किती वेळात पोचेल? याचं उत्तर नावानिशी देता आलं पाहिजे. ‘कोणीतरी जाईलच की’ हे उत्तर धरायचं नाही, कारण असं म्हणणाऱ्या घरात शेवटी आईच धावते.

समजा घर डोंबिवलीत आहे, आई ठाण्याच्या बँकेत आणि बाबा अंधेरीला. डोंबिवलीतलं कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण दुपारी त्या घराला कुलूप असतं. ठाण्यातलं कॉलेज आईच्या बँकेपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. या घरासाठी ठाणंच जवळचं. शिवाय सकाळी मायलेकी एकाच लोकलने जातील.

किती मिनिटं चालतील, हे गरजेवर ठरतं. फिट येत असतील किंवा इन्सुलिनवर असलेल्या मुलाची साखर अचानक उतरत असेल, तर अर्ध्या तासात पोचणारं माणूस हवंच, आणि कॉलेजमध्येही प्रथमोपचार समजणारं कोणीतरी हवं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला रोजचा रस्ता, रोजची बस, रोजचा रिक्षावाला यांचा आधार अंतरापेक्षा मोठा असतो. बस न बदलता होणारा पाऊण तासाचा प्रवास त्याला दोन रिक्षा बदलून होणाऱ्या वीस मिनिटांपेक्षा सोपा जातो. लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलाला दुपारी कोणी धावत यायची गरज नसते. त्याला रोज संध्याकाळी तासभर शेजारी बसून धडा वाचून दाखवणारं माणूस लागतं. त्याच्यासाठी घरी येऊन जाता येईल इतकं कुठलंही कॉलेज जवळच आहे.

लांबचं कॉलेज नावाजलेलं आहे, जवळचं साधंच आहे. नाव सोडायचं का?

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चा विचार असेल तर बऱ्याचदा सोडावं. एकाच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दोन साध्या कॉलेजांची पदवी शेवटी त्याच विद्यापीठाची असते. नावाजलेल्या कॉलेजात शिकवणं चांगलं असेलही, पण त्याचा फायदा घ्यायला मूल वर्गात पोचलं पाहिजे. दोन तास लोकलमध्ये उभं राहून आलेलं, जेवणाची वेळ चुकलेलं, घामाघूम झालेलं पोर तिसऱ्या लेक्चरला काय ऐकणार?

इंजिनिअरिंग, कायदा, डिझाइन, फिजिओथेरपी अशा अभ्यासक्रमांत मात्र कॉलेजाकॉलेजात खरोखर फरक असतो. तिथे अंतर सोसायचं की नाही, याचा वेगळा हिशेब मांडावा लागतो.

आणखी एक मोठा अपवाद आहे. काही ठिकाणी कॉलेजच आधार देतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिबाधितांसाठी २००३ पासून संसाधन केंद्र चालतं. पुस्तकं वाचता येतील अशा रूपात मिळणं, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) शिकणं, आपल्यासारखी आणखी मुलं भेटणं, हे घराजवळच्या कॉलेजात आईवडिलांनी कितीही जीव काढला तरी उभं राहत नाही. दृष्टिबाधित मुलाच्या बाबतीत मी तरी आधी असं केंद्र असलेली कॉलेजं बघायला सांगते, आणि मग त्यांच्या जवळपास राहायची सोय शोधायला.

पुण्यात माझी सख्खी बहीण आहे. तिच्याकडे ठेवलं तर?

ठेवता येईल. पण आपल्याकडे नात्यात नाही म्हणायची सोय नसते, हे लक्षात ठेवून विचारा. ‘अगं, त्यात विचारायचं काय, तुझा तो माझा’ असं मावशी फोनवरच म्हणून टाकते आणि ते मनापासून असतं. पण तिच्या घरात तिचे यजमान आहेत, सासूबाई आहेत, कदाचित यंदा दहावीला असलेली मुलगी आहे. दोन खोल्यांत चौथा पलंग कुठे पडणार, हे मावशी फोनवर सांगत नाही.

म्हणून आधी चार दिवस मुलाला घेऊन तिच्याकडे राहायला जा. शाळा-ऑफिसं चालू असताना जा, दिवाळीत नको. सणाला सगळ्यांचीच घरं मोठी वाटतात. तिच्या घरची सकाळ कशी असते, बाथरूमला नंबर कसे लागतात, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि भांडी एकदम सुरू झाली की मुलाला सोसतं का, हे त्या चार दिवसांत कळतं.

मग मावशी आणि काका दोघांनाही समोर बसवून बोला. गोळ्या किती वाजता, चुकली तर काय करायचं. रात्री उठावं लागतं का. मूल चिडलं तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. मुलीला अंघोळीला, पाळीच्या दिवसांत मदत लागत असेल, तर मावशी गावाला गेलेल्या दिवशी ती मदत कोण करणार, हे संकोच न करता विचारा. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. हे आधी बोललेलं असलं की काकांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

पैशांचं बोलणं टाळू नका. बहीण पैसे घेणार नाही म्हणेल. मग तिच्या हातात नोटा ठेवण्याऐवजी महिन्याचा किराणा, वीजबिल किंवा कामाच्या मावशींचा पगार तुमच्याकडे घ्या. महिन्यातून दोन शनिवार-रविवार तुम्ही तिथे जाऊन मुलाची सगळी जबाबदारी उचला आणि मावशी-काकांना मोकळं सोडा. हे पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे.

मुदत एका सत्राची ठरवा. ‘दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बोलू, तेव्हा दोघींपैकी कोणीही नको म्हणू शकतं’ असं आधीच बोलून ठेवलं, तर बहिणीला सुटायची वाट राहते. तीन वर्षांचं वचन घेऊन ठेवलेलं मूल सातव्या महिन्यात परत आणावं लागलं, की बहिणी-बहिणींत बोलणं बंद होतं. मग पुढच्या लग्नकार्यातही त्याची सावली पडते.

आणि कॉलेजच्या फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून मावशीचं नाव, तिचा आणि काकांचा नंबर लिहा. हॉस्पिटलच्या फाइलची झेरॉक्स, चालू औषधांची चिठ्ठी आणि जवळच्या डॉक्टरांची आधीच एक भेट, एवढं तिच्या हाताशी असू द्या.

आजी-आजोबा सांभाळायला तयार आहेत. मग काय काळजी?

त्यांच्या आजच्या वयात पदवीची तीन-चार वर्षं मिळवा. आज अडुसष्टाव्या वर्षी नातवाला जिन्यावरून हात धरून उतरवणारी आजी तिसऱ्या वर्षात सत्तरी ओलांडलेली असेल. तेव्हा तिच्या गुडघ्यांचं काय? उचलणं, ढकलणं, धावणं लागत असेल तर ते काम आजी-आजोबांवर टाकू नका. वेळेवर जेवण, डब्याची आठवण, घरी आल्यावर कोणीतरी असणं, ऐकून घेणं, हे मात्र त्यांच्याइतकं चांगलं कोणाला जमत नाही.

कॉलेज बघायला गेल्यावर काय काय बघायचं?

प्रवेशाच्या गर्दीत न जाता वर्ग भरलेले असताना जा, मुलाला घेऊन जा, आणि जमलं तर भर पावसाच्या दिवशी जा. कोरड्या दिवशी सुरेख दिसणारा रॅम्प पावसात शेवाळाने घसरतो की नाही, ते तेव्हाच दिसतं.

आधी शौचालय बघा. ‘दिव्यांगांसाठी आहे’ असं ऑफिसात सांगतील. दार उघडून दाखवा म्हणा. आत जुनी बाकं, झाडू आणि मागल्या गॅदरिंगचे फलक ठेवलेले निघाले तर काय ते समजा. शौचालय वापरण्यासारखं नसलं की मुलं, विशेषतः मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत.

लिफ्ट आहे का, एवढंच विचारून थांबू नका. तिची किल्ली कोणाकडे असते आणि ते रजेवर असले की कोणाकडे, हे विचारा. पहिल्या वर्षाचे वर्ग कुठल्या मजल्यावर भरतात, प्रॅक्टिकलची लॅब कुठे आहे, आणि वर्ग खाली आणून देतील का? अनेक कॉलेजं हे विनातक्रार करतात, पण वेळापत्रक छापायच्या आधी सांगावं लागतं. परीक्षा याच इमारतीत होते की केंद्र दुसरीकडे येतं, हेही विचारायला बरेच पालक विसरतात.

मग ‘समान संधी कक्ष’, म्हणजे दिव्यांग आणि इतर वंचित विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारा कॉलेजातला विभाग, कुठे आहे ते विचारा. कक्षाचं नाव फलकावर असतं. त्याचं काम बघणारे प्राध्यापक कोण आणि मागच्या परीक्षेत किती मुलांना लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारे) दिले, हे त्यांना स्वतःला सांगता येतं का ते बघा. शक्य झालं तर तिथे शिकणाऱ्या एखाद्या दिव्यांग विद्यार्थ्याला गाठा. प्राचार्यांच्या केबिनमधल्या अर्ध्या तासापेक्षा कँटीनमधली त्याच्याबरोबरची दहा मिनिटं जास्त सांगून जातात.

शेवटी शिपाईकाका, ग्रंथालयातल्या बाई आणि ऑफिसच्या खिडकीवरचे क्लार्क मुलाशी कसे बोलतात, ते नुसतं बघा. मुलाकडे बघून बोलतात, की ‘याचं नाव काय?’ असं तुम्हाला विचारतात?

राखीव जागा किती असतात? खासगी कॉलेजातही मिळतात का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांना किमान ५ टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. प्रवेशाच्या कमाल वयातही ५ वर्षांची सूट आहे. कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली आहेत. स्वमग्नता, लर्निंग डिसॅबिलिटी, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारही त्यात येतात. ‘हात-पाय धड आहेत, मग दिव्यांग कसा?’ असं कोणी खिडकीवर म्हणालं तर यादी दाखवा.

विनाअनुदानित संस्थेला हे कलम तसं लागू होत नाही. आपल्याकडे एकाच कॉलेजात बी.कॉम. अनुदानित आणि त्याच वर्गाची दुसरी तुकडी किंवा बी.एम.एस. विनाअनुदानित असते. म्हणून कॉलेजचं नाव बघून गृहीत धरू नका, तुम्हाला हव्या त्या तुकडीबद्दल विचारा. पण जागा राखीव नसल्या तरी मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने इमारत वापरता येण्याजोगी ठेवावी आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, अशी अपेक्षा त्याच कायद्यात आहे.

यूडीआयडी कार्ड आता काढायलाच हवं का?

हो, आणि यादी लागायच्या आधी. हे दिव्यांगत्वाचं केंद्र सरकारचं ओळखपत्र आहे. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. तारीख मिळायला वेळ लागतो, आणि प्रवेशाची वेळापत्रकं त्यासाठी थांबत नाहीत. बारावीच्या दिवाळीतच हे काम उरकलेलं बरं.

दहावीला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) सर्टिफिकेट काढलं होतं. तेच चालेल?

नेहमीच नाही. बोर्डाच्या सवलतींसाठी काढलेला कागद आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा करायला सांगितली आहे, आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं धरलं जातं. अठरा पूर्ण होणं आणि पदवीचा प्रवेश नेमके एकाच सुमारास येतात, त्यामुळे वाढदिवसाच्या आसपास तपासणीची तारीख घेऊन ठेवा. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत हे काम चालतं, पण रांग लांब असते.

गणिताची सवलत घेऊन दहावी केलेल्या मुलांच्या पालकांसाठी थोडं सांगते. बी.कॉम.ला प्रवेश मिळाला तरी संख्याशास्त्र, लेखांकन हे विषय समोर येतातच. आधी अभ्यासक्रमाचे विषय वाचा, मग कॉलेज.

परीक्षेतला लेखनिक कोण देतं?

कॉलेजकडे अर्ज करावा लागतो आणि कॉलेज तो विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे पुढे नेतं. कॉलेज-विद्यापीठाच्या पॅनेलवरचा लेखनिक घ्यायचा की स्वतःचा आणायचा, हे बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याला निवडता येतं. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावं लागतं. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे पण लिहायला त्रास होतो, अशा मुलांनाही ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय सूचनांमुळे लेखनिक मागता येतो. त्याआधी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा हक्क मान्य केला होता. त्यासाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं ठरावीक नमुन्यातलं पत्र लागतं.

जवळ राहण्याचा सगळ्यात मोठा आणि कुणाच्या लक्षात न येणारा फायदा इथे दिसतो. पॅनेल कागदावर असतं, पण ऐन पेपराच्या सकाळी लेखनिक आजारी पडला की धावपळ होते. आपल्या गल्लीत, सोसायटीत, जुन्या शाळेत आपल्याला ओळखणारी एक-दोन वर्षांनी लहान मुलं असतात. त्यांच्या आया आपल्या ओळखीच्या असतात. सहा पेपरांना सहा दिवस कोणाच्या मुलाला मागायचं, तर ओळख लागते. नव्या शहरात ती पहिल्या वर्षात होत नाही. दोन-तीन मुलांची नावं आधीच ठरवून ठेवा, त्यांच्या स्वतःच्या परीक्षांच्या तारखाही बघा, आणि पेपराआधी दोघांना एकत्र बसवून सांगायचा-लिहायचा सराव करू द्या. हा सराव झाला नाही तर जादा वेळ समजावण्यातच जातो.

प्रवासाच्या सवलती काय आहेत?

एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबत्याला ५० टक्के. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे सोबत आई असेल तर हा कागदाचा त्रासही वाचतो. मुंबईच्या लोकलला दिव्यांगांचा राखीव डबा असतो, पण गर्दीच्या वेळी त्यातही धडधाकट माणसं शिरतात. एकट्याने प्रवास करायचा असेल तर जूनच्या सुट्टीतच सराव सुरू करा. आधी बरोबर बसा, मग त्याच गाडीत दुसऱ्या डब्यात बसा, मग फक्त स्टेशनवर थांबा.

मी रोज कॉलेजच्या आवारात थांबले तर चालेल का?

पहिले काही आठवडे जरूर थांबा, कॉलेजची लेखी परवानगी घेऊन. झाडाखाली डबा आणि स्वेटरचं विणकाम घेऊन बसलेल्या आया मी अनेक कॉलेजांत पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण दिवाळीनंतरही तिथेच बसलात, तर वर्गातली मुलं तुमच्या मुलाला काही विचारायचं असलं तरी तुम्हालाच विचारतात. हळूहळू फाटकाबाहेर या, मग ओळखीच्या घरी, मग आपल्या घरी. मदत सतत लागणारच असेल तर पगारी मदतनीस बघा. आईला उरलेल्या दिवसाचं काहीतरी करता आलं पाहिजे.

वसतिगृहाचं काय?

स्वतःच्या गोळ्या स्वतः घेता येतात, कपडे-अंघोळ जमते आणि अडचण सांगता येते, अशा मुलाने वसतिगृहात जरूर राहावं. तळमजल्याची खोली, शौचालयाचं अंतर, रात्री रेक्टर आवारात राहतात की नाही, हे विचारा. खोलीतल्या मुलाला फिट आली तर काय करायचं, हे मुलाच्या परवानगीने सांगून ठेवा. त्याच शहरात नातेवाईक असतील तर रविवारचं जेवण आणि आजारपणाची रात्र एवढंच त्यांच्याकडे ठेवा. मला विचाराल तर मावशीकडे तीन वर्षं राहण्यापेक्षा ही व्यवस्था पुष्कळ नात्यांना जास्त मानवते.

मुलाला लांबच जायचं आहे. आम्ही अडवतोय का?

कदाचित. अठराव्या वर्षी घरापासून लांब जावंसं वाटणं ही त्या वयाचीच गोष्ट आहे, आणि दिव्यांगत्वामुळे ती कमी होत नाही. लांब का जायचंय, ते विचारा. ‘मित्र तिकडे चाललेत’, ‘तिकडेच तो विषय आहे’ आणि ‘घरात प्रत्येक गोष्ट तुम्हीच करता’ ही तीन वेगळी कारणं आहेत. तिसऱ्याचा उपाय घराजवळ राहूनही होतो. उलट जवळचं कॉलेज ‘आई-बाबांच्या सोयीचं’ म्हणून गळ्यात मारलं, तर पोरगं तिथे मनाने जातच नाही.

यादीतली निदान दोन कॉलेजं त्याने स्वतः निवडलेली असू द्या, आणि प्रत्येकापुढे ‘मदतीला कोण?’ हा रकाना त्यालाच भरायला सांगा.

अठरा पूर्ण झाल्यावर सह्या कोण करणार?

तो स्वतः. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला झालेल्या इजेने स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) बोलणं अस्पष्ट आहे पण समज पूर्ण आहे, अशा मुलाला कायदेशीर पालकाची काहीच गरज नाही, आणि घाईने तसा अर्ज करूही नये. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता यामुळे बँक, दवाखाना, करार यांतलं खरंच समजत नसेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. मूल मामाकडे किंवा मावशीकडे राहणार असलं, तरी पालक म्हणून त्यांचं नाव घालायची गरज नसते. आईवडिलांचं नाव राहू शकतं.

आम्ही इंदूरला राहतो, आजोळ नाशिकला आहे. तिथे प्रवेश मिळेल?

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालतं. पण महाराष्ट्रातल्या राखीव जागा आणि शुल्कसवलतींना बऱ्याच ठिकाणी डोमिसाइल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला), किंवा दहावी-बारावी महाराष्ट्रातून, अशा अटी येतात. साध्या पदवीला हे तितकं आडवं येत नाही, व्यावसायिक अभ्यासक्रमांत येतं. सूरत, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या मराठी घरांनी माहितीपुस्तिका आधी वाचावी.

सीमेवरच्या घरांनी उलटाही विचार करावा. सावंतवाडीच्या मुलाला आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला जाण्यापेक्षा म्हापसा किंवा पणजी जवळ आहे, आणि अर्ध्या सावंतवाडीचे नातेवाईक गोव्यात असतात. तिथल्या राखीव जागांना गोव्याचे नियम लागतील, एवढं धरून चाला.

त्यापेक्षा घरीच बसून मुक्त विद्यापीठातून पदवी केली तर?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) किंवा इग्नू (१९८५) हे चांगले मार्ग आहेत. वारंवार रुग्णालयात राहावं लागणाऱ्या, किंवा गर्दी अजिबात न सोसणाऱ्या मुलांसाठी तर फारच. नाशिकच्या विद्यापीठात मराठी माध्यम आहे, अभ्यासकेंद्र बऱ्याचदा जवळच्याच कॉलेजात असतं. पण ‘नेणं-आणणं कोण करणार’ एवढ्याच कारणासाठी हा मार्ग घेऊ नका. पदवी हाती येईल, पण तीन वर्षांत नवीन एकही मित्र झालेला नसेल. घेतलाच तर आठवड्यातून दोन-तीन दिवस बाहेर पडायचं काहीतरी जोडा. वाचनालय, गायनाचा वर्ग, संगणकाचा क्लास, काहीही चालेल.

मध्येच जमेनासं झालं तर वर्ष फुकट जाईल का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर निदान कागदोपत्री तरी नाही. एक वर्ष पूर्ण करून सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन थांबता येतं, आणि मिळवलेले क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत राहतात. कॉलेज बदलायचं असेल तर जागा आणि विषय जुळावे लागतात, म्हणून सत्र संपायच्या आधीच चौकशी सुरू करा. काही मुलांनी पहिल्यापासूनच कमी विषय घेऊन पदवी चार-पाच वर्षांत करायचं ठरवलं, आणि ती जास्त आनंदात दिसतात. तसं करू देतात का, ते कॉलेजला विचारा.

कॉलेज सोयी देत नसेल तर तक्रार कुठे करायची?

आधी प्राचार्यांकडे लेखी, पोच घेऊन. तोंडी विनंतीचा पुढे काहीच पुरावा राहत नाही. मग विद्यापीठाकडे, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. कायदा तिथपर्यंत जाऊ देतो. बहुतेक प्रकरणं मात्र कायद्याचं कलम नमूद केलेल्या पहिल्याच पत्राने मिटतात.

फॉर्ममध्ये पसंतीक्रम कसा लावायचा?

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फेऱ्यांतही जागा गोठवण्याचे (मिळालेली जागा पक्की करण्याचे) नियम असतात, ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघावेत. म्हणून ‘बघू तरी लागतं का’ म्हणून लांबचं मोठं नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका. मावशीचा होकार, तळमजल्याचा वर्ग आणि दुपारी दोनला निघू शकणाऱ्या माणसाचं नाव ठरलेलं असेल, तेच कॉलेज वर ठेवा. फॉर्म लॉक करायच्या आदल्या संध्याकाळी मावशीला आणखी एकदा फोन करा, आणि फोन काकांकडेही द्यायला सांगा.